चरखा चौकात, माग बोळात

सुशोभीकरण हा आपल्या शहरांतला अलीकडचा लाडका शब्द आहे. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस जवळ आले की नगरपालिका आणि महानगरपालिका भिंती रंगवायला काढतात, उड्डाणपुलाच्या खांबांवर वेली चढवतात, चौकात काहीतरी उभे करतात. हे 'काहीतरी' निवडताना विणकामाची आठवण हमखास होते. पैठणीचा मोर, चरखा, सुताचे रीळ, काठापदराची नक्षी. विणकाम कोणाच्या भावना दुखावत नाही. ते देशी आहे, जुने आहे, रंगीत आहे आणि फोटोत छान दिसते. त्यामुळे सार्वजनिक कलेच्या नावाखाली त्याचा वापर करणे सर्वांनाच सोयीचे झाले आहे.

माझी हरकत विणकामाला नाही. माझी हरकत अशी की या चित्रांत आणि शिल्पांत सूत दिसते, कापड दिसते, नक्षी दिसते. विणणारा दिसत नाही. दिसलाच तर बिनचेहऱ्याची, सूत कातणारी एखादी आकृती दिसते. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या मागावर गेल्या त्या मोमीन, अन्सारी, पद्मशाली, कोष्टी, साळी यांच्या नावाचा, बोलीचा, वस्तीचा त्यात मागमूस नसतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. सार्वजनिक भिंत ही शहराची पाटी असते आणि पाटीवर काय लिहायचे हे ज्याच्या हातात खडू असतो तो ठरवतो. आजवर तो खडू विणकराच्या हातात कोणी दिलेला नाही, आणि त्यानेही तो मागितलेला नाही. या लेखात मला या दोन्ही गोष्टींबद्दल बोलायचे आहे.

कातणे वेगळे, विणणे वेगळे

2016 साली दिल्लीच्या विमानतळावर एक अवाढव्य सागवानी चरखा बसवण्यात आला. 2017 साली त्याच दिल्लीत कॅनॉट प्लेसला स्टेनलेस स्टीलचा चरखा उभा राहिला. 2019 साली नोएडात टाकाऊ प्लास्टिकपासून बनवलेल्या चरख्याचे उद्घाटन झाले. लाकूड झाले, पोलाद झाले, प्लास्टिकही झाले. चरखा मोठा मोठा होत गेला आणि त्याच्या शेजारी माग काही आला नाही.

साधी गोष्ट आहे. चरख्यावर सूत निघते, कापड निघत नाही. कापड मागावर निघते. उभा ताणा, आडवा बाणा, त्यामधून इकडून तिकडे पळणारा धोटा आणि प्रत्येक धागा ठोकून बसवणारी फणी, एवढे जमल्याशिवाय सुताचे कापड होत नाही. गांधीजींनाही हे अनुभवाने कळले होते. आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की आश्रमात आधी माग आले, आणि मागावर काम शिकवायला जाणकार माणूस शोधावा लागला. चरखा सापडला तो नंतर, गंगाबेन मजमुदार यांच्या खटपटीमुळे. म्हणजे ज्यांच्या नावाने हे चरखे उभे केले जातात, त्यांच्या आश्रमातही पहिला शोध विणकराचा होता.

मग स्मारकात चरखाच का? कारण चरखा चालवणारे हात कोणाचेही असू शकतात. तो देशाचे प्रतीक होतो. माग मात्र कोणाचा तरी असतो. माग म्हटला की मोहल्ला आला, जात आली, मजुरी आली, विजेचे बिल आले, सुताचा भाव आला. मुसलमान विणकराचा माग म्हटला तर त्याचा जुम्मा आला, त्याची उर्दू आली. प्रतीकाला एवढे ओझे नको असते. म्हणून कातणे चौकात आले आणि विणणे बोळातच राहिले.

हातमाग आणि यंत्रमाग यांच्यातही हाच भेद केला जातो. 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिवस म्हणून साजरा होतो. 1905 च्या स्वदेशी चळवळीची ती आठवण आहे आणि हातमागाचा सन्मान व्हायलाच हवा. पण सामान्य माणसाच्या अंगावर जे कापड असते, त्याचा फार मोठा वाटा यंत्रमागाचा आहे. शाळेच्या गणवेशाचे कापड, अस्तर, लुंगी, स्वस्त साडी कुठून येते? भिवंडीतून येते, मालेगावातून येते, इचलकरंजीतून येते. यंत्रमाग खडखड करतो, त्याला तेल लागते, त्याच्या कारखान्यात कापसाचे तंतू उडतात. तो सुंदर नाही असे ठरवून टाकले आहे, म्हणून तो वारशात बसत नाही. बारा बारा तासांच्या पाळीत उभा राहणारा कामगारही मग वारशात बसत नाही.

लुगड्याचा इतिहास

मालेगावची गोष्ट आपल्या वाचकांना नवीन नाही, पण ती मराठीत पुरेशी सांगितली गेलेली नाही. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतल्या मऊ, आझमगड, अलाहाबाद, बनारस या भागांतून विणकर कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. इंग्रजांचा सूड होता, गिरणीच्या कापडाने धंदा बुडवला होता. त्यातली अनेक कुटुंबे मोसम नदीच्या काठी मालेगावात थांबली. त्यांनी इथे काय विणले? खानदेशातली, नाशिककडची शेतकरी बाई जे नेसत होती ते लुगडे विणले. घरात पूरबी वळणाची उर्दू बोलणाऱ्या माणसाने मराठी बाईच्या अंगावरचा काठ ठरवला. महाराष्ट्राच्या मिश्र संस्कृतीचे उदाहरण शोधायला आपण दर्ग्यांपर्यंत जातो. ते चालत्या बाईच्या पदरावर होते. 1930 च्या दशकात मालेगावात यंत्रमाग आले. पुढे मुंबईतला 1982 चा संप झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे आणखी सरकले.

आता मालेगाव म्हटले की देशाला काय आठवते? 2006 आणि 2008 चे बाँबस्फोट. भिवंडी म्हटले की? 1970 आणि 1984 च्या दंगली. ज्या गावांनी देशाला कपडे घातले त्या गावांची ओळख रक्ताच्या डागांनी झाली. मरणारे बहुतेक तिथलेच होते, तरी संशयही त्यांच्याच वाट्याला आला. 2006 च्या प्रकरणात पकडलेल्या नऊ मुसलमानांना 2016 मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले, पण गावाची प्रतिमा आरोपमुक्त झाली नाही. हे मी अशासाठी सांगतो की गावाची प्रतिमा घडवणे ही गंमत नाही. तिच्यावर पोरांच्या नोकऱ्या आणि भाड्याची घरे अवलंबून असतात. सार्वजनिक कला हे ती प्रतिमा घडवण्याचे एक साधन आहे. ते साधन आपण सोडून दिले आहे.

मालेगावाजवळ सांगण्यासारखे काही नव्हते असेही नाही. फैझा अहमद खान यांचा 2008 सालचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना शफीक शेख आठवेल. यंत्रमागावर काम करणारा हा किडकिडीत माणूस सुपरमॅन झाला होता आणि गावाला तंबाखू-गुटख्यापासून वाचवायला निघाला होता. 2011 साली तो कर्करोगाने गेला. 2025 साली रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला आणि त्याची कथा पुन्हा जगापुढे आली. शुक्रवारी माग बंद असतात. त्या सुट्टीत सिनेमा पाहणाऱ्या कामगारांच्या गावाने स्वतःचा सिनेमा तयार केला. शहरी जीवनातून निघालेली कला म्हणतात ती हीच. ती कुठल्या योजनेतून आली नाही, ती गावाच्या शुक्रवारातून आली. पडद्यावर हे घडते, तर भिंतीवर का घडू नये?

गोड नसलेला धागा

धाग्याचा इतिहास रंगवायचा तर तो गोडच रंगवला पाहिजे असा एक समज आहे. ताणाबाणा म्हणजे एकात्मता, वेगवेगळे रंग म्हणजे विविधता, असली भाषा उद्घाटनाच्या भाषणात शोभते. इतिहास थोडा कडू आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगाराला तिथे शिरकाव नव्हता. कारण धोट्याच्या छिद्रातून धागा काढायला तो तोंडाने ओढावा लागे, आणि आपण तोंड लावलेल्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागणे इतर कामगारांना चालत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. हा धोटा कुठल्या भिंतीवर आहे? गिरण्यांच्या जमिनीवर मॉल आले, मनोरे आले, काही ठिकाणी चिमणी तेवढी शोभेला राखली. चिमणीला जात नसते, म्हणून ती राखता आली.

सोलापूरचे उदाहरण जरा वेगळे आहे. 1930 साली तिथे इंग्रजांनी मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. या चार हुतात्म्यांचे पुतळे सोलापुरात उभे आहेत. 'गझनफर' हे पत्र चालवणारा, गिरणी कामगारांत काम करणारा एक मुसलमान तरुण इतर तिघांच्या बरोबरीने भर चौकात उभा आहे, याचा मला अभिमान वाटतो. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन 1990 साली याच शहरात भरले. पण पुतळ्यासमोर थांबणाऱ्या शाळकरी मुलाला विचारा. कुर्बान हुसेन देशासाठी फासावर गेला एवढे तो सांगेल. तो कोणासाठी लिहीत होता, कोणाच्या मजुरीसाठी बोलत होता, हे पुतळा सांगत नाही. हुतात्मा चौकात आला, कामगार मागे राहिला. मुसलमानाला सार्वजनिक जागेत जागा हवी असेल तर त्याने आधी मरून दाखवावे, असा तर नियम नाही ना? रोज सकाळी कामावर जाणे हेही देशाच्या उपयोगाचे असते.

लियाँची भिंत

हे वेगळ्या पद्धतीने करता येते, त्याचे एक उदाहरण देतो. फ्रान्समध्ये लियाँ नावाचे शहर आहे. रेशमी कापडासाठी ते जगभर नावाजले होते. तिथल्या रेशीम विणकरांना 'कानू' म्हणत. त्यांची वस्ती क्रवा-रूस नावाच्या टेकडीवर होती. जॅकार्डचे उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छते चार मीटरच्या आसपास उंच ठेवलेली असत. विणकर तिथेच राहत, तिथेच विणत. व्यापारी कापडाला ठरलेला किमान दर देईनात म्हणून 1831 साली त्यांनी उठाव केला, 1834 साली पुन्हा केला. दोन्ही वेळा लष्कर आले, माणसे मेली. जगाच्या कामगार चळवळीत या उठावांचे नाव आहे.

या वस्तीत एका मोठ्या इमारतीची बिनखिडक्यांची भिंत होती. 1987 साली सिते-क्रेआसियाँ या चित्रकारांच्या संस्थेने त्या भिंतीवर चित्र काढले. भिंत 1200 चौरस मीटरची आहे. चित्रात काय आहे? तीच वस्ती. टेकडीवर चढणाऱ्या पायऱ्या, दुकाने, उंच खिडक्यांची घरे, आणि तिथे खरोखर राहणारी माणसे. लांबून पाहिले तर भिंत नाहीच, समोर रस्ता चढत गेला आहे असे वाटते. पुढे 1997 साली ते चित्र पुन्हा रंगवले आणि 2013 साली आणखी एकदा. पुन्हा रंगवताना त्यांनी फक्त उडालेला रंग भरला नाही. चित्रातली माणसे दहा-पंधरा वर्षांनी मोठी केली. वस्ती बदलली तसे चित्र बदलले. या चित्राला नाव दिले ते 'कानूंची भिंत'. त्याच वस्तीच्या चौकात जॅकार्डचा पुतळाही आहे. यंत्र शोधणाऱ्याला पुतळा मिळाला, आणि यंत्रापुढे बसणाऱ्यांच्या नावाने एवढी मोठी भिंत झाली.

युरोपचे गोडवे गाण्याचा माझा उद्देश नाही. आज ती भिंत पाहायला पर्यटक येतात आणि टेकडीवर मागांची ती खडखड आता उरलेली नाही. पण त्या शहराने एक गोष्ट बरोबर ओळखली. विणकामाची परंपरा म्हणजे नक्षी नव्हे, वस्ती. नक्षी कुठल्याही संग्रहालयातून उचलता येते. वस्ती रंगवायची तर वस्तीतल्या माणसांशी बोलावे लागते, आणि दहा वर्षांनी परत यावे लागते. आपल्याकडे भिंत रंगवायचा ठेका निघतो. ठेकेदार बाहेरून नमुना आणतो. पुढच्या पावसाळ्यात रंग उडतो आणि त्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो.

आपल्या घरातला जुलाहा

इथवर सरकारला आणि पालिकेला बोलणे सोपे होते. आता आपल्याकडे वळतो.

विणकराला भिंतीवर जागा मिळाली नाही याला आपणही जबाबदार आहोत. 'जुलाहा' हा शब्द आपल्या समाजात शिवी म्हणून वापरला गेला. जुलाह्याच्या मूर्खपणाचे किस्से आणि म्हणी उर्दूतही आहेत आणि हिंदीतही. इस्लाममध्ये जात नाही असे मंचावरून सांगायचे आणि सोयरीक जुळवताना अश्राफ-अजलाफ पाहायचे, हे आपण सर्वजण जाणतो. विसाव्या शतकात या जमातीने मोमीन, अन्सारी ही नावे अभिमानाने पुढे आणली आणि मोमीन कॉन्फरन्सच्या रूपाने संघटना बांधली, ती या अपमानाच्या विरोधात. महाराष्ट्रातल्या आपल्या दख्खनी आणि कोकणी मुसलमानांना तर मालेगाव-भिवंडीचे मोमीन अजून 'तिकडचे' वाटतात. दीडशे वर्षे झाली, अजून ते तिकडचेच! मराठी बाईचे लुगडे विणणारा तिकडचा, आणि मराठीत लेख लिहिणारे आम्ही तेवढे इथले. मराठी मुसलमान या शब्दात मराठी भाषा येते तशी मराठी मजुरीही यायला हवी.

विणकरांच्या स्वतःच्या परंपरेत या कामाचा केवढा मान आहे! हे हुनर आदमचे पुत्र हजरत शीस यांच्यापासून आले असे जुने विणकर सांगत. वारकऱ्यांपासून सुफींपर्यंत सर्वांना आपला वाटणारा कबीर जुलाह्याच्या घरात वाढला. त्याची चादर आपण गातो, त्याचा माग विसरतो. जो समाज आपल्या कष्टकऱ्याला घरातच मान देत नाही, त्याने पालिकेकडे मान मागताना आवाज कुठून आणायचा?

मूर्ती नको, म्हणून काहीच नको?

भिंत रंगवायचा विषय काढला की आपल्याकडे एक उत्तर तयार असते. तस्वीर, मूर्ती हे आपल्यात चालत नाही. ज्यांची अशी श्रद्धा आहे त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. मी एवढेच म्हणतो की मोहल्ल्यात एक फेरी मारा. ईदच्या शुभेच्छांचे फलक पाहा. वीस-वीस फुटी चेहरे हात जोडून उभे असतात, खाली नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्यांचे लहान चेहरे असतात. त्या वेळी कोणी फतवा विचारत नाही. पुढाऱ्याचा चेहरा चालतो आणि विणकराचा हात चालत नाही, हा कुठला मसला आहे?

आणि चेहरा नकोच असेल तर नको. माणूस न काढता माणसाचे काम दाखवण्याची कला मुसलमानांइतकी कोणाला साधली? खत आहे, बेलबुट्टी आहे, भूमितीची नक्षी आहे. खुद्द कापडातच पाहा. मशरू नावाचे कापड आहे. त्याच्या दर्शनी बाजूला रेशीम असते आणि अंगाकडच्या बाजूला सूत. पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणून ही युक्ती. मशरू म्हणजे शरियतला मान्य. शरियतची मर्यादा पाळून विणकराने रेशमाचा डौल साधला. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, हिमरू तिथल्या मुसलमान कारागिरांनी सूत आणि रेशीम मिसळून जिवंत ठेवला. बंधनातून मार्ग काढणे ज्यांच्या धाग्यात आहे, त्यांना भिंत रंगवायला जमणार नाही? धोटा काढा, फणी काढा, कांडी काढा. मागाच्या भागांची नावे मराठीत आणि उर्दूत सुंदर अक्षरांत लिहा. घरोघरी बसून कांड्या भरणाऱ्या बायांच्या हातांची आठवण ठेवा. त्यांची मजुरी हिशेबात सगळ्यात शेवटी येते आणि चित्रात तर येतच नाही.

उर्दू अक्षरांचे नाव काढल्यावर काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांना अकोला जिल्ह्यातल्या पातूरची आठवण द्यावी. तिथल्या नगरपरिषदेच्या पाटीवर 1956 पासून मराठीबरोबर उर्दूही होती. ती काढावी म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल 2025 मध्ये न्यायालयाने उर्दू राहू दिली. भाषा धर्माची नसते, लोकांची असते, असे सांगितले. पाटीवर जे चालते ते भिंतीवरही चालेल. अट एकच, मराठी शेजारी हवी. आपल्याला तरी दुसरे काय हवे आहे?

आधी गटार, मग चित्र?

आणखी एक आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. भिवंडीत रस्ते नाहीत, वस्तीत पाणी नाही, सुताचे भाव चढले की माग बंद पडतात, विणकर माग भंगारात विकतो आहे. अशा वेळी चित्र काय चाटायचे?

गटार हवेच. पाणी, वीज, मजुरी हवीच, आणि त्यासाठी लढायलाही हवे. पण सुशोभीकरणाचा पैसा खर्च होतोच आहे. तो गटाराकडे वळत नाही. तो नक्षीदार खांबांवर आणि कारंज्यांवर जातो. प्रश्न एवढाच की तो खर्च होताना आपल्याला कोणी विचारणार आहे की नाही. शिवाय ज्याचे काम दिसत नाही त्याचे गाऱ्हाणेही ऐकू येत नाही. कापड कुठून येते हे शहराला माहीत असेल, तर माग बंद पडल्यावर शहराला काहीतरी वाटेल. आणि भंगाराचेच म्हणाल, तर जुना माग किलोच्या भावाने जाण्याआधी प्रत्येक यंत्रमागाच्या गावाने त्यातला एक तरी चौकात उभा करावा. तेल घातलेला, ताणा भरलेला, खाली तो चालवणाऱ्यांची नावे लिहिलेला. दिल्लीत पोलादी चरखा नव्याने घडवावा लागला. आपल्याकडे माग घडवायची गरज नाही. तो आहे, तो विकू नये एवढेच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातल्या मुलांचे बाप, चुलते मागावर आहेत, आया कांड्या भरतात. शासकीय रेखाकला परीक्षेला आमची मुले बसतात. त्यात स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते. स्मरणचित्रात ही मुले जत्रा काढतात, बाजार काढतात, नदीकाठची झोपडी आणि तिच्यामागे दोन डोंगर काढतात. ज्या खडखडाटात ती झोपतात आणि उठतात तो माग कोणी काढत नाही. चित्रात काढण्यासारखे ते काही आहे असे त्यांना कोणी सांगितलेच नाही. पाठ्यपुस्तकात नाही, चौकात नाही, शाळेच्या भिंतीवरही नाही. शाळेच्या भिंतीवर विदेशी उंदीर आणि ससे हसत असतात. संकल्पचित्रात मात्र ही मुले अशी काही बुट्टी जुळवतात की परीक्षकाने पाहत राहावे. ती कुठून आली हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

म्हणून पालिकेच्या ठरावाची वाट न पाहता सुरुवात शाळेपासून करावी असे मी माझ्या शिक्षकबांधवांना आणि भगिनींना सांगतो. शाळेची रस्त्याकडची भिंत ही सार्वजनिक भिंतच आहे. येत्या 7 ऑगस्टला त्या भिंतीवर चरखा काढू नका. मुलांना मागाच्या कारखान्यात न्या, मागाची चित्रे काढायला लावा, भागांची नावे बापाला विचारून आणायला सांगा. एखाद्या जुन्या विणकराला वर्गात बोलावून खुर्ची द्या. मुलांनी काढलेले चित्रच भिंतीवर मोठे करा, मराठीत आणि उर्दूत नावे लिहा, खाली तारीख घाला आणि पाच वर्षांनी परत रंगवा. साहित्यिकांनी आणि संघटनांनी आपल्या शहराच्या पालिकेला एक निवेदन द्यावे. यापुढे वस्तीतली भिंत रंगवायची असेल तर आधी वस्तीची बैठक घ्या, चित्रकार बाहेरचा असला तरी विषय वस्तीने ठरवू द्या, आणि ज्यांचे काम रंगवता त्यांची नावे लिहा. यात अनुदान मागितलेले नाही, आरक्षण मागितलेले नाही. कापडाच्या काठावर विणकर आपले नाव घालत नाही, म्हणून शहरानेही ते घालू नये असे कुठे लिहिले आहे?